पाठ टेकवायला शिकलेला पैलवान

अटलांटा, 1996. ऑलिम्पिक फ्रीस्टाइल कुस्ती, 100 किलो गटाची अंतिम लढत. इराणचा अब्बास जदीदी आणि अमेरिकेचा कर्ट अँगल. गुण एक-एक, जादा वेळही संपलेला. पंच मधोमध उभे आहेत, दोघांची मनगटं धरून. हे क्षण नीट बघा. हात वर जातो, तो कर्टचा. आणि एवढा धिप्पाड गडी गुडघे टेकून हमसाहमशी रडायला लागतो. काही महिन्यांपूर्वीच त्याच्या मानेचे मणके जायबंदी झाले होते.

हा गडी पेनसिल्व्हेनियाचा. क्लॅरियन नावाच्या छोट्या विद्यापीठाकडून खेळताना 1990 आणि 1992 साली त्याने हेवीवेट गटात एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेज कुस्तीतला सर्वांत मोठा किताब मारला. 1992 च्या फायनलला समोर सिल्व्हेस्टर टरके होता, वजनाने कितीतरी भारी. वजनदार गड्याला चपळाईने कसं दमवायचं, हे आपल्या तालमीतल्या पोरांना सांगायला नको.

पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं, मागे जाऊन कंबर धरायची, आणि काही झालं तरी पाठ टेकू द्यायची नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं हे शिक्षण.

1998 मध्ये तो व्यावसायिक कुस्तीत आला. इथला पहिला धडा काय? पाठीवर पडायचं. हनुवटी छातीशी, हात पसरलेले, तळवे जोरात आपटायचे. दिवसभर, पुन्हा पुन्हा. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो हे खरं, पण पाठीला लागणारी फळीही तितकीच खरी. या खेळाला सरसकट नाटक म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

नोव्हेंबर 1999, डेट्रॉईट. टीव्हीवरची पहिली मोठी रात्र. अंगात पैलवानाचा तोच सिंगलेट, म्हणजे कुस्तीचा घट्ट, एकसंध पोशाख. वर्षभराच्या आत, ऑक्टोबर 2000 मध्ये, तेव्हाचा विजेता द रॉक याला हरवून विजेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला.

पुढे मानेची शस्त्रक्रिया झाली, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं, त्यातून तो बाहेरही आला.

पण त्याआधी, मार्च 2003, सिअ‍ॅटल. रेसलमेनिया, व्यावसायिक कुस्तीतला वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम. समोर ब्रॉक लेस्नर, मिनेसोटा विद्यापीठाचा, 2000 सालचा एनसीएए विजेता. घंटा होते. बघा, दोघं आधी कुठे जातात: डोक्याला डोकं, हात मनगटावर, आणि झपकन खाली, मॅटवर.