रश्त ते आस्तारा : अडलेले १६२ किलोमीटर

या पवनचक्क्या दिसतायत ना, हे मंजील, इराणमधलं वाऱ्याचं गाव. काझवीनकडून निघालेली रेल्वे उघड्याबोडक्या डोंगरातून इथं येते, मग बोगद्यामागून बोगदे, सफीदरूद नदी, रुदबारच्या ऑलिव्हच्या बागा, आणि रश्त जवळ आलं की एकदम हिरवंगार, भातखाचरं, पाऊस, अगदी कोकणात आल्यासारखं. ही लाईन २०१९ मध्ये सुरू झाली.

रश्तहून कॅस्पियन बंदराकडं एक फाटा २०२४ ला गेला, पण आस्ताराकडं, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीकडं, रूळच नाहीत. फक्त १६२ किलोमीटरचा तुकडा राहिलाय.

सप्टेंबर २००० मध्ये भारत, इराण आणि रशियानं सेंट पीटर्सबर्गला ज्या आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक कॉरिडॉरवर, म्हणजे मालवाहतुकीच्या मार्गावर, सह्या केल्या, त्यातलाच हा तुटलेला तुकडा. तो मार्ग असा, मुंबईहून जहाजानं बंदर अब्बास, तिथून रेल्वेनं इराण, अझरबैजान पार करून मॉस्को, साधारण ७,२०० किलोमीटर, सुएझ कालव्यात शिरायचं कामच नाही.

आता आस्ताराचा हा मालधक्का नीट बघा. अझरबैजान-रशियाचे रूळ १५२० मिलिमीटर रुंद, इराणचे १४३५, फरक फक्त ८५ मिलिमीटरचा, पण तेवढ्यानंच वॅगन पुढं जात नाही. एकतर माल दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा, नाहीतर वॅगन जॅकवर उचलायची, खालची बोगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, ढकलून बाहेर काढायची, दुसऱ्या मापाची आत घ्यायची, वॅगन अलगद तिच्यावर बसवायची, ब्रेक जोडायचे, आणि हे प्रत्येक वॅगनला. इथं तर तेही नाही, कारण पुढं गाडीच नाही! अझरबैजानकडून नदीवरच्या पुलावरून रुंद रूळ २०१८ मध्ये या धक्क्यापर्यंत आले, इथून क्रेन कंटेनर उचलते आणि ट्रकवर ठेवते, आणि ट्रक निघतो समुद्रकाठच्या रस्त्यानं रश्तकडं. रेल्वे, ट्रक, परत रेल्वे. प्रत्येक चढ-उताराला वेळ आणि पैसा.

मे २०२३ मध्ये हा तुकडा बांधायचा रशिया-इराणचा करार झाला, खर्च १.६ अब्ज युरो, त्यातले १.३ अब्ज रशियाचं कर्ज. ज्यांची खाचरं रुळाखाली जाणार त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न आहे, रशिया आणि इराणवरच्या पाश्चात्त्य निर्बंधांचीही अडचण आहे.

पण गाडी येऊ शकते हे दिसलंय, २०२२ मध्ये रशियाहून कझाकस्तान, तुर्कमेनिस्तानमार्गे मालगाडी इराणात आली आणि माल पुढं जहाजानं भारतात पोचला. कॅस्पियनच्या पश्चिमेकडच्या, अझरबैजानमार्गे जाणाऱ्या या जवळच्या वाटेसाठी आता भारतानंही जोर लावायला हवा, २००० च्या पहिल्या करारावर आपलीही सही आहे.