ट्यूबमध्ये स्टेरॉइड आलं कुठून?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'डाग घालवणारी औषधं आणि लिपिड नॅनोपार्टिकल्स', म्हणजे औषध भरलेले चरबीचे अगदी बारीक कण, आणि तरी हॉल भरलाय, म्हणजे एकतर गावात वांग फार आहे नाहीतर नंतर वडा-चहा आहे हे फुटलंय. (हशा) मी फार्मसी कॉलेजात औषधं कशी बनवायची ते शिकवतो, स्किनचा डॉक्टर नाही, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर गाल पुढे करून 'सर हे बघा ना' करू नका.

नॅनोकडे येतो, पण आधी मला त्या ट्यूबबद्दल बोलायचंय. कुठली ते सगळ्यांना माहितीय. मेडिकलमध्ये जायचं, वांगावर काहीतरी द्या म्हणायचं, की काउंटरवरचा पोरगा न विचारता काढून देतो ती. नाहीतर पार्लरवाली सांगते, नाहीतर जाऊबाई देते, 'माझं आठ दिवसात गेलं गं'. लग्नसराईत तर विचारू नका. आणि खरंच गुण येतो, हीच अडचण आहे, गुण आला नसता तर बायकांनी कधीच फेकून दिली असती. मग महिना-दोन महिन्यांनी ट्यूब संपते, लावणं थांबतं, आणि चेहरा लालेलाल, उन्हात गेलं की आग, बारीक पुटकुळ्या, कातडी इतकी पातळ की शिरांचं जाळं दिसतं, काहींना हनुवटीवर केस. मग काय करायचं? परत तीच ट्यूब. पुन्हा आराम. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी अशी वर्षानुवर्षं काढलीत, आणि त्यांचं म्हणणं काय, तर 'मला ती सूट होते, बंद केली की त्रास होतो'! आता याला काय म्हणायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी या चेहऱ्याला नावच देऊन टाकलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडच्या मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची मुभा काढून घेतली. कागदावर. तुम्ही आज संध्याकाळी जाऊन मागून बघा. किंवा नका मागू, तो देईल. (हशा)

या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोनसारखं एखादं स्टेरॉइड. पैकी डाग घालवायचं मुख्य काम एकाचंच, हायड्रोक्विनोनचं. आपल्या कातडीत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात, वरच्या थराच्या म्हणजे एपिडर्मिसच्या अगदी तळाला, एकेक मेलॅनोसाइट आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंग पुरवते, आणि तो रंग बनवायला टायरोसिनेज नावाचं तांब्यावर चालणारं एन्झाइम लागतं. हायड्रोक्विनोन त्याला अडवतं. कोजिक अॅसिड म्हणून डागाचं दुसरं औषध आहे, ते तांबंच पकडून ठेवतं. असो. मग बाकीची दोन कशाला घातली?

तर ही गंमत १९७५ ची आहे. अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी एक फॉर्म्युला छापला, ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन, ०.१ टक्के डेक्सामेथॅसोन. (हे क्लिगमन म्हणजे तेच, फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले म्हणून ज्यांना आजही शिव्या बसतात, माणूस हुशार, पण बाकी सगळं विचारूच नका.) ट्रेटिनॉइन का? कारण ते वरचा मेलेला थर पातळ करतं, हायड्रोक्विनोनला आत जायला वाट मिळते. पण ट्रेटिनॉइनने आग होते, साल निघते. मग ती आग शांत करायला स्टेरॉइड! म्हणजे बघा हं, स्टेरॉइड स्वतः थोडं फिकं करतं हे खरं, पण त्याची मुख्य नेमणूक झाली ती दुसऱ्या औषधाने केलेला उपद्व्याप निस्तरायला, आणि दुसऱ्याची नेमणूक पहिल्याला आत ढकलायला. औषध आत जात नव्हतं म्हणून हा सगळा संसार मांडला गेला. इकडे आपल्याकडे आणून त्यात डेक्साच्या जागी चेहऱ्यासाठी आणखी जोरदार स्टेरॉइड बसवलं, काही आठवडेच वापरायचं औषध वर्षभराचं मेकअप झालं, आणि ताईंना ती 'सूट' व्हायला लागली.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि यावर मी स्टाफरूममध्ये बऱ्याच लोकांशी भांडलोय: वांगाच्या औषधाची अडचण औषधाची कमी आणि पोचवण्याची जास्त आहे. पोचवणं नीट जमलं तर स्टेरॉइडला त्या ट्यूबमध्ये राहायचं कारणच उरत नाही.

आता अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते दहा मिनिटांत. चला.

कातडीचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, फक्त १०-२० मायक्रॉन, वहीचा कागदसुद्धा याच्या पाचपट जाड असतो. पण पक्की भिंत आहे ती, मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अॅसिडचं सिमेंट. २००० साली बॉस आणि मैनार्डी यांनी ढोबळ नियम मांडला, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू यातून सहसा जात नाही. आपली औषधं तर लहान आहेत, हायड्रोक्विनोन ११०, कोजिक १४२, आणि डागावरचंच ट्रॅनेक्झामिक अॅसिड १५७. मग अडतात कुठे? ती पाण्यात रमणारी आहेत आणि सिमेंट चरबीचं. ट्रॅनेक्झामिकवर तर प्लस-मायनस दोन्ही चार्ज, ते वर बसूनच राहतं. म्हणून लोक त्याच्या गोळ्या घेतात, जी गोळी मुळात रक्तस्राव थांबवायला आहे, चेहऱ्यावरच्या डागासाठी अख्ख्या शरीराला, गुठळीचा धोका ज्याला असेल त्याने काय करायचं! अॅझेलेइक अॅसिड हे डागाचं आणखी एक औषध, ते २० टक्के घालावं लागतं, जळजळ करतं. हायड्रोक्विनोन आणि कोजिक हवेला लागून ट्यूबमध्येच तपकिरी होतात.

१९९० च्या सुमाराला बर्लिनचे म्युलर आणि तुरिनच्या गास्को यांनी साधारण एकाच वेळी सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल्स पुढे आणले. ग्लिसरिल मोनोस्टिअरेटसारखी अंगाच्या उबेला न वितळणारी चरबी वितळवायची, त्यात औषध, मग सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखा तेल-पाणी जुळवणारा पदार्थ, घातलेल्या गरम पाण्यात हाय प्रेशरने फोडायची, थंड केली की पन्नास ते काहीशे नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) घट्ट कण. कोविडच्या एमआरएनए लसीतले लिपिड कण ते वेगळे बरं का, त्यातलं लिपिड चार्ज बदलणारं असतं आणि ते सुईने जातं. (घड्याळ बघू नका, मीच बघतोय.) घट्ट चरबीची खोड अशी की ठेवून ठेवून तिचे स्फटिक नीटनेटके होत जातात आणि औषधाला बाहेर काढतात, म्हणून नंतर त्यात ओलेइक अॅसिडसारखं पातळ तेल मिसळून मुद्दाम बिघडवलेली रचना आली, नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर. पण पाण्यात विरघळणारं औषध यात फार बसत नाही. तिथे लायपोसोम, म्हणजे आत पाणी असलेले चरबीचे फुगे, किंवा जेरुसलेमच्या टुइटू यांचे अल्कोहोलवाले इथोसोम जास्त उपयोगी.

हे कण करतात काय? लोकांना वाटतं सुईसारखे घुसतात. धडधाकट कातडीतून अख्खा कण बहुतेक जातच नाही. तो वर पातळ थर धरतो, पाणी उडू देत नाही, ओलाव्याने सिमेंट जरा सैल पडतं, कणातली चरबी आणि सरफॅक्टंट त्यात मिसळतात आणि औषध हळूहळू सुटतं. हळूहळू म्हणजे आग कमी. आणि आत असेपर्यंत हवा लागत नाही, तपकिरी होत नाही. इराणमध्ये तबरीझला हायड्रोक्विनोनवर हेच केलं, टिकाऊपणाही वाढला आणि कातडीत मुक्कामही. मला सगळ्यात आवडते ती केसांच्या मुळांची वाट, बर्लिनच्या लाडेमानांच्या गटाने दाखवलं की सुमारे ३२० नॅनोमीटरचे कण चोळून लावले तर मुळांत दहा दिवसांपर्यंत सापडतात. आणि औषध एपिडर्मिसच्या तळाला थांबायला हवंय, रक्तात नकोय, त्यामुळे फ्रान्झ सेलच्या (वर कातडीचा तुकडा ताणून औषध आरपार किती जातं ते मोजायचं काचेचं उपकरण) खालच्या भांड्यात औषध भरपूर उतरलं म्हणून पेढे वाटणारे पेपर मला पटत नाहीत. कातडी सोलून थरात किती राहिलं ते दाखवा ना.

हे बहुतेक काम अजून उंदीर आणि डुकराच्या कानावर आहे, चेहऱ्यावरच्या मोठ्या चाचण्या कमी. आणि चांगलं पोचवणं म्हणजे वाईटही चांगलं पोचणं, २०१३ मध्ये जपानमध्ये कानेबो या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या, रोडोडेंड्रॉल हा रंग उजळवणारा पदार्थ घातलेल्या क्रीमांनी हजारो बायकांना पांढरे चट्टे आले, त्यात नॅनोचा प्रश्न नव्हता, मेलॅनोसाइटच मेल्या. तिथे आणखी आत पोचवलं असतं तर?

बाजारात डब्यावर 'नॅनो' लिहिलेलं दिसलं की कणाचा आकार आणि आत कुठलं औषध किती टक्के हे विचारा, सांगणार नाहीत. तोवर टिंटवाला सनस्क्रीन लावा, आयर्न ऑक्साइडचा, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. माइक घेतायत. प्रश्न असतील तर विचारा, फक्त ट्यूबचं नाव विचारू नका.