राजीनामा आणि कबुलायत

(बेळगावातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

‘आरोपांत अडकलेला पुढारी खुर्ची का सोडत नाही?’ असा आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्याआधी मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे, कारण गेली काही वर्षे तो शब्द माझ्या मनातून जात नाही. तो शब्द म्हणजे राजीनामा.

आपला हा मुलूख 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबई राज्यात होता आणि येथील जमिनीचा कारभार मुंबई इलाख्याच्या 1879 च्या महसूल कायद्याप्रमाणे चालत असे. त्या काळी जमीन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कचेरीत दोन कागद होत. जुना कब्जेदार लिहून देई तो राजीनामा आणि नवा कब्जेदार लिहून देई ती कबुलायत. पहिल्यात, हा नंबर मी राजीखुशीने सोडतो, असे असे. दुसऱ्यात, याचा शेतसारा आणि याच्या अटी आजपासून माझ्या माथी, असे असे. खानापूर तालुक्यातील आमच्या घरच्या पेटीत असा एक जोड आहे. कागद तपकिरी पडला आहे, मोडी अक्षर अजून स्पष्ट आहे, आणि घडीवर फाटलेल्या जागी माझ्या वडिलांनी खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आहे. खाली माझ्या चुलत आजोबांचा अंगठा आहे. त्या वर्षी ते कर्जात बुडाले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण कागदात त्यांनी शेत वाईट कसले, सारा बुडवला, असा एक शब्दही नाही. जमीन सोडली, एवढेच आहे.

माझे सगळे म्हणणे या कागदावर उभे आहे. राजीनामा हा कब्जा सोडल्याचा कागद आहे. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. आपण मात्र त्याला कबुलीजबाब करून टाकले. जिल्हाधिकारी कचेरीसमोरच्या कोणत्याही मोर्चात उभे राहून ऐका. ‘राजीनामा द्या’ आणि ‘चोर आहे’ या दोन घोषणा एका श्वासात येतात. मग सही केली की चोर ठरलो, असा हिशेब समोरचा माणूस करतो, त्याचा वकीलही त्याला तोच सल्ला देतो, आणि जी खुर्ची त्याने लाजेकाजेने सोडली असती ती त्याची शेवटची तटबंदी होते. आपण राजीनामा मागत नाही, नाराजीनामा मागतो, असे मी एकदा वर्गात म्हणालो तेव्हा मुले हसली होती, आपणही हसलात. पण हा फरक आमच्या गावाने पैसे मोजून शिकला आहे, म्हणून ती हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे.

आमच्या गावात एक पतसोसायटी होती. नावे घेत नाही, कारण त्या माणसांची मुले-नातवंडे आज गावात नांदत आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले माझे 48,000 रुपयेही तेथेच होते. एका दिवाळीपासून मुदत संपलेल्या ठेवी परत मिळेनाशा झाल्या. सेक्रेटरी म्हणे, सोमवारी या; सोमवारी गेले की म्हणे, चेअरमन बेंगळूरला गेलेत. चेअरमनने भावाबंदांना तारणाशिवाय कर्जे वाटली आहेत, हे हळूहळू सर्वांना कळले. देवळाच्या मंडपात वार्षिक सभा भरली. चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्यावर काय शाबीत झालंय? चौकशी होऊ दे. दोषी ठरलो तर पुन्हा तोंड दाखवणार न्हाई.” एवढे ऐकताच मंडप उसळला. शिव्या झाल्या, कोणी खुर्ची भिरकावली, ध्वनिक्षेपक फुटला. ओरडणाऱ्यांत मी होतो, मास्तर असून होतो. दुसऱ्या दिवशी नऊ ठेवीदारांवर फिर्याद दाखल झाली. पुढचे चार महिने गाव ठेवींबद्दल बोललेच नाही. जामीन, वकिलाची फी आणि मोडलेल्या खुर्च्या यांबद्दलच बोलले. चेअरमन हाताला पट्टी बांधून घरोघर हिंडले आणि ज्या घरांत त्यांना कोणी विचारत नव्हते तेथेही त्यांना चहा मिळाला. आमच्या रागाने त्यांना ती पट्टी मिळवून दिली होती.

मग विशेष सभा झाली. शेजारच्या गल्लीतील एक म्हातारी, आम्ही तिला आक्का म्हणत असू, ठेवीची पावती दुधाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, “भांडाय आलो न्हाई मी. त्या वहीत कुणाकुणाची नावं हायत तेवढी वाचून दाव. मला वाचाय येत न्हाई.” चेअरमनने वही हाती घेतली नाही, शेवटी सेक्रेटरीला वाचावी लागली. एकतीस कर्जे होती आणि त्यांतील एकोणीस एकाच आडनावाची. त्या दिवशी कोणी ओरडले नाही. नावे एकामागून एक येत राहिली आणि व्यासपीठावर चेअरमनशेजारी बसलेले संचालक माना खाली घालून ऐकत राहिले. त्यांना गावात राहायचे होते, सोयरिकी जमवायच्या होत्या. पंधरा दिवसांत नऊपैकी पाच संचालकांनी आपापले राजीनामे लिहून दिले. गणपूर्ती होईना, तेव्हा सहकार खात्याने प्रशासक नेमला. चेअरमनने अखेरपर्यंत राजीनामा दिला नाही. त्यांच्याभोवतीची माणसे उठली. आक्काचे पैसे तीन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी आले, आणि शेवटच्या हप्त्यावर सही तिच्या नातवाला करावी लागली.

एवढा वेळ मी गावातच रेंगाळलो, कारण देशाच्या कारभारातही मला हीच दोन दृश्ये दिसतात. 1956 चेच वर्ष घ्या. त्या वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रीपद सोडले. 1 नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, ढकलले गेलो आणि त्याच महिन्यात अरियलूरला रेल्वेगाडी कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रीपद सोडले. त्यांचा वैयक्तिक दोष नाही, हे पंडित नेहरूंनीही मान्य केले होते. पुढे आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती मुंध्रांच्या कंपन्यांत गुंतवल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत काढले, न्यायमूर्ती छगला यांनी उघड सुनावणी घेतली आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. काही वर्षांनी तेच पुन्हा अर्थमंत्री झाले. महाराष्ट्रात सिमेंटवाटपाच्या प्रकरणी उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर 1982 च्या जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले पदावरून गेले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. कर्नाटकात दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात 1988 साली मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे गेले. खाणींवरील लोकायुक्तांच्या अहवालानंतर 2011 च्या जुलैत येडियुरप्पा गेले आणि पुन्हा मुख्यमंत्री होऊन आले. राजीनाम्याने माणूस संपतो, हा समज या सगळ्यांकडे पाहिल्यावर टिकत नाही.

आपल्या अगदी उशाशी घडलेले उदाहरण हिंडलग्याचे आहे. तेथे रस्त्यांची कामे केल्याचे सांगणाऱ्या एका ठेकेदाराने मंत्र्यांच्या नावाने टक्केवारी मागितली जात असल्याची तक्रार केली, आणि 2022 च्या एप्रिलमध्ये तो उडुपीत मृतावस्थेत सापडला. राज्यभर संताप उसळला, आणि चारच दिवसांत, ज्यांच्यावर हा आरोप होता त्या के. एस. ईश्वरप्पा यांनी मंत्रीपद सोडले. पुढे पोलिसांनी पुरावा मिळाला नाही असा अहवाल दिला. त्यावर अनेकांनी मला विचारले, मग राजीनामा फुकट गेला ना? मला उलट वाटते. चौकशी चालू असताना मंत्री खोलीबाहेर असला पाहिजे. निष्कर्ष काहीही निघो, तो त्याच्या सावलीखाली निघाला असे कोणाला म्हणता येऊ नये. ज्यांना त्या अहवालावर विश्वास नाही त्यांनी अहवालाशी भांडावे, राजीनाम्याशी नको.

आता आपल्या, म्हणजे सीमाभागातील मराठी माणसाच्या रागाबद्दल बोलतो. आपल्याला रागाचा सराव आहे. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेची वही झाली, देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेच्या उमेदवाराची अनामत 500 वरून 10,000 रुपयांवर गेली. तो राग मोजला गेला आणि त्याला दरवाढीने उत्तर मिळाले. मला त्या उमेदवारांबद्दल आजही आदर आहे. पण याच रागाच्या आडोशाला आपल्यातले काही पुढारी वाढले, हेही आज बोलले पाहिजे. पालिकेतील कामाचा हिशेब विचारला की ‘हा मराठी माणसावरचा हल्ला आहे’ असे उत्तर येते, आणि ‘आपला माणूस’ म्हणून आपण गप्प बसतो. आपले कन्नड शेजारी त्यांच्या पुढाऱ्यांकडून हेच ऐकतात. या एका बाबतीत भाषेची सीमा कोठेच नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि पत्रिकेवरचे उत्तर अजून बाकी आहे. तेव्हा थोडक्यात सांगतो.

आरोप झालेल्या मंत्र्याने जावे, असे राज्यघटनेत कोठेही लिहिलेले नाही. अनुच्छेद 164 प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि बहुमताचा निवाडा सभागृहातच व्हावा असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली बोम्मई खटल्यात सांगितले. राज्यपालांच्या लहरीला त्यामुळे लगाम बसला, ते योग्यच झाले. पण आकडा आहे तोवर खुर्ची आहे, एवढाच अर्थ पुढाऱ्यांनी त्यातून घेतला. त्यात 1985 च्या पक्षांतरबंदीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी धोक्यात येते, म्हणून सभागृहात कोणी बोलत नाही. 2013 च्या लिली थॉमस निकालाने दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याचे सदस्यत्व तत्काळ जाऊ लागले, पण ते दोषी ठरल्यानंतर. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलेले 130 वे घटनादुरुस्ती विधेयक सलग तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याला घालवू पाहते. माझा त्याला विरोध आहे, कारण अटक करणे ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती मग सरकारेही जातील. विश्वास उडाला की नाही, हे फौजदाराने ठरवायचे नसते.

तरीही एक वाट कोणत्याही कायद्याने बंद केलेली नाही. मंत्रीपद सोडणाऱ्याला पक्षांतरबंदी आडवी येत नाही. त्याची आमदारकी राहते. ब्रिटनमध्ये 2022 च्या जुलैत पन्नासहून अधिक मंत्री आणि पदाधिकारी काही दिवसांत बाहेर पडले, तेव्हा बोरिस जॉन्सन यांना जाणे भाग पडले. आमच्या पाच संचालकांनी हेच केले होते. म्हणून हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात डिसेंबरात अधिवेशन भरेल तेव्हा आरोप असलेल्या एकट्याच्या नावाने घसा कोरडा करू नका. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला, जो तुमच्या गावच्या जत्रेला येतो, तुमच्या घरच्या लग्नात जेवतो, त्याला विचारा की आपण अजून तेथे का बसला आहात. शांतपणे, नाव घेऊन आणि वही उघडून विचारा.

आणि मते मागायला येईल त्याच्याकडून कबुलायत लिहून घ्या: माझ्या कारभाराची लोकायुक्त किंवा न्यायालयीन चौकशी सुरू झाली, तर ती संपेपर्यंत मी पद सोडीन. कायद्याने तिची अंमलबजावणी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या चेअरमननाही कायद्याने कोणी उठवले नव्हते.

पेटीतला तो जोड मी आज बरोबर आणला आहे. समोरच्या टेबलावर काचेखाली ठेवतो. ज्यांना मोडी येते त्यांनी इतरांना वाचून दाखवावा. काच मात्र उचलू नका, वडिलांची पट्टी आता सुटायला आली आहे.