तमिळ आडनावं कुठून आली आणि कुठे गेली

मंडळी, तमिळ माणसाला आडनावच नसतं, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. आपण ‘सरनेम?’ म्हणून विचारतो आणि समोरचा वडिलांचं नाव सांगतो. विश्वनाथन आनंद तर सगळ्यांना ठाऊक आहे. आनंद हे त्याचं नाव, विश्वनाथन हे वडिलांचं. जगभरच्या बुद्धिबळवाल्यांनी विश्वनाथनचं ‘विशी’ केलं आणि वडिलांच्या नावाने मुलाला हाका मारत राहिले. त्यानेही कधी फार मनावर घेतलं नाही.

मग मुदलियार, पिल्ले, चेट्टियार, तेवर, नाडर हे काय आहे? आडनावं नव्हेत का? माझं उत्तर असं, की या पदव्या आहेत. काही राजाने दिलेल्या, काही जातींनी हळूहळू उचललेल्या, काही सरकारदरबारी भांडून मिळवलेल्या. त्या नावावर चढल्या आणि पुढे उतरल्याही. खालचं मूळ नाव मात्र हजार वर्षांत फारसं हललेलं नाही.

त्यासाठी तंजावरला जाऊ. राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं मंदिर १०१० च्या सुमारास पुरं झालं. त्याच्या भिंतींवर राजाने आणि त्याच्या माणसांनी दिलेल्या दानांची जंत्री कोरलेली आहे. त्यात मंदिराचा कारभार पाहणारा एक अधिकारी भेटतो: आदित्तन सूरियन ऊर्फ तेन्नवन मूवेंदवेळान. याने नायन्मार संतांच्या मूर्ती करून दिल्या. आता नाव नीट बघा. आदित्तन हे वडिलांचं नाव, सूरियन त्याचं स्वतःचं. बापही सूर्य, मुलगाही सूर्य. हा गृहस्थ आज चेन्नईत शाळेत गेला असता तर हजेरीपटावर ‘ए. सूरियन’ लागला असता, बाकी काही नाही.

दुसरा, राजराजाचा सेनापती, ज्याने राजाच्या आज्ञेवरून मंदिराभोवतीची ओवऱ्यांची भिंत उभारली. कृष्णन रामन ऊर्फ मुम्मुडिचोळ ब्रह्ममारायन, राहणार आमनकुडी. गाव, बाप, स्वतः. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावात वडिलांचं नाव पुढे आहे. ‘राशिपुरम कृष्णस्वामी’ नारायण यांच्या नावात गाव आणि वडील दोन्ही आहेत. अगदी हाच साचा.

‘ऊर्फ’च्या पुढे जे येतं ती पदवी, आणि तिची रचना मोठी हुशारीची आहे. तिचे दोन तुकडे असतात. शेवटचा तुकडा माणूस कोणत्या थरातला ते सांगतो. जमीनदार वेळ्ळाळ असेल तर मूवेंदवेळान, ब्राह्मण असेल तर ब्रह्ममारायन, सरदार असेल तर अरैयन. पुढचा तुकडा राजाचा. मुम्मुडिचोळ हे राजराजाचंच बिरुद. म्हणजे त्या सेनापतीने आपली ओळख सांगायची तर आधी धन्याचं नाव उच्चारायचं! मंदिराचा मुख्य स्थपतीही यातून सुटला नाही. त्याचं नाव कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन असं कोरलेलं आहे.

राजा बदलला की हा पुढचा तुकडाही बदलायचा. राजेंद्राच्या अमदानीत राजेंद्रचोळ मूवेंदवेळान दिसू लागतात. म्हणून कोरीव लेखावर राजाचा उल्लेख झिजून गेला असला तरी अधिकाऱ्यांच्या पदव्यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. जपानी इतिहासकार नोबोरू कराशिमा यांनी सुब्बरायलू आणि मात्सुई या सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये चोळ लेखांतल्या नावांची मोठी सूचीच प्रसिद्ध केली. एका जपानी माणसाने आयुष्य तमिळ नावं मोजण्यात घालवावं, हे मला फार आवडतं. सांगायचा मुद्दा असा, की सुरुवातीला ही पदवी वंशपरंपरागत नव्हती. ती त्या माणसाची, त्या राजाच्या काळापुरती.

ती घराण्यात मुरली केव्हा? बाराव्या-तेराव्या शतकात चोळांची पकड सुटत गेली तेव्हा. मूवेंदवेळान मागे पडले आणि पल्लवरायन, कलिंगरायन, वाणादरायन, तोंडैमान असे अधिक रुबाबदार शब्द पुढे आले. आता देणारा दुबळा आणि घेणारा जमिनीवर पक्का बसलेला. अशा वेळी पदवी परत कोण मागणार? ती मुलाकडे गेली, नातवाकडे गेली.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा. पल्लवरायर म्हणजे पल्लवांचे वंशज, कलिंगरायर म्हणजे ओडिशातून आलेले, असं त्या त्या घराण्यांत आणि हल्ली व्हॉट्सअॅपवर फार प्रेमाने सांगितलं जातं. पल्लवांचं राज्य नवव्या शतकाअखेर संपलं. त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी चोळ राजे आपल्याच माणसांना ‘पल्लवरायन’ करत होते. जिंकलेल्या राज्याचं नाव नोकराच्या छातीवर लावायचं, असा तो प्रकार. कुलोत्तुंग आणि विक्रम चोळ यांच्या पदरी असलेला, चिदंबरमच्या मंदिरात मोठी कामं करणारा नरलोकवीर हा ‘कलिंगरायन’ होता. गाव त्याचं तमिळ मुलखातलंच. इरोडजवळ भवानी नदीवरून काढलेला तेराव्या शतकातला कालवा आजही कलिंगरायन याच नावाने ओळखला जातो आणि शेतं भिजवतो. तोही कोंगू भागातल्याच, म्हणजे पश्चिम तमिळ मुलखातल्याच, माणसाने काढलेला.

आपल्याला हे परकं वाटू नये. कुडतोजी गुजरांना शिवाजी महाराजांनी प्रतापराव केलं आणि आज मूळ नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं. फरक एवढाच, की आपल्याकडे पदव्यांपेक्षा हुद्देच जास्त आडनावं झाले: पाटील, देशमुख, कुलकर्णी. तमिळ मुलखात बिरुदं झाली.

चोळ गेले, पण युक्ती राहिली. सतराव्या शतकात मदुरैच्या तिरुमलै नायक राजाने रामनाडचा सरदार रघुनाथ सेतुपती याच्यावर खूश होऊन त्याला आपलंच नाव दिलं. तेव्हापासून तो तिरुमलै सेतुपती. धन्याचं नाव आधी, आपलं नंतर, हे सहाशे वर्षांनीही तसंच. पुढे १८०० नंतर कंपनी सरकारने पाळैयक्कारांना, म्हणजे अशा स्थानिक सरदारांना, जमीनदार करून टाकलं. पदवी आता तलवारीऐवजी सनदेवर आणि कोर्टातल्या वारसाहक्काच्या दाव्यांवर टिकू लागली. विवेकानंदांच्या शिकागो प्रवासाला पाठबळ देणारे भास्कर सेतुपती हे याच घराण्यातले, याच जमीनदारी काळातले.

इतका वेळ आपण वरच्या थरात फिरलो. खाली वेगळंच चाललं होतं. तमिळमध्ये एक म्हण आहे, ‘कळ्ळर, मरवर, कनत्त अगमुडैयार, मेल्ल मेल्ल वंदु वेळ्ळाळर आनार.’ म्हणजे कळ्ळर, मरवर आणि वजनदार अगमुडैयार या जाती हळूहळू वेळ्ळाळ झाल्या. म्हणीत टोमणा आहे, पण निरीक्षण अचूक आहे. जमीन आली, मंदिरात मान मिळाला, की पदवीही सरकत वर जायची. मुदलियार हे वेळ्ळाळांतल्या काहींचं, अगमुडैयारांतल्या काहींचं आणि विणकर सेंगुंदरांचंही. पिल्ले वेळ्ळाळांत सापडतात, नादस्वरम वाजवणाऱ्या इसै वेळ्ळाळांत सापडतात. पाँडिचेरीत फ्रेंचांचे दुभाषे असलेले, १७३६ पासून पंचवीस वर्षं रोजनिशी लिहिणारे आनंदरंग पिल्ले तर जातीने यादव. तेव्हा ‘पिल्ले’ ऐकून जात ओळखली असं कुणी म्हणालं तर त्याला जरा थांबवा.

मग इंग्रजांची खानेसुमारी आली आणि तरल गोष्ट रकान्यात बसवली गेली. आता कोणत्या रकान्यात काय लिहायचं यावर झगडे सुरू झाले. सगळ्यात लक्षणीय झगडा नाडरांचा. ताडी काढणारा हा समाज. सरकारी कागदांत त्यांना ‘शाणार’ म्हणत, आणि तो शब्द तुच्छतेने वापरला जाई. ‘नाडर’ हा त्यांच्यातल्या मोजक्या जमीनदार घरांचा मान होता. व्यापारात पुढे आलेल्या या समाजाने १९१० मध्ये नाडर महाजन संगम स्थापन केला, अर्ज केले, पाठपुरावा केला आणि १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळी सरकारने ‘नाडर’ मान्य केलं. राजाने एकाला द्यायची वस्तू अख्ख्या जातीने मागून घेतली. मला तरी हा या इतिहासातला सगळ्यात मोठा पालट वाटतो. चोळांच्या काळापेक्षाही मोठा.

त्यानंतर आठच वर्षांनी, फेब्रुवारी १९२९ मध्ये, चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली परिषद भरली आणि जातिवाचक उपनावं टाकून द्या, असा ठराव झाला. चळवळीचे पुढारी ई. व्ही. रामसामी नायकर यांनी ‘नायकर’ टाकलं. परिषदेचे अध्यक्ष होते डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन, म्हणजे नाडरच! पिढीभर झगडून मिळवलेलं नाव, शाई वाळते न वाळते तोच, त्याच समाजाचा पुढारी सोडून देतो आहे. चेन्नईचा पाँडी बाजार तुम्ही खरेदीसाठी पाहिला असेल. त्याचं अधिकृत नाव सौंदरपांडियनार अंगाडी, ते याच गृहस्थांवरून. पुढे सत्तरीच्या दशकाअखेर एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने रस्त्यांच्या पाट्यांवरूनही जातीची उपनावं पुसून टाकली.

जात पुसली गेली का? छे. लग्नाच्या जाहिराती उघडा. पण शाळेत, कचेरीत, मतदारयादीत ती नावावर मिरवेनाशी झाली, हे कमी नाही. आणि पदव्या काढल्यावर उरलं काय? गाव, बाप, स्वतः. आदित्तन सूरियनचा तोच साचा, फक्त आद्याक्षरांत आवळलेला. चळवळीने नवं नाव दिलं असं आपण समजतो. तिने वरचा थर खरवडला, एवढंच.

या साच्यात तमिळ मुलखात गेलेली मराठी माणसंही बसली. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले, पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे देशस्थ मराठी. ‘टी’ म्हणजे तंजावर. आडनावाच्या जागी गाव, तेही एका अक्षरात.

पदव्यांची हौस मात्र कुठे गेली नाही. ‘नायकर’ टाकणाऱ्या रामसामींना १९३८ मध्ये महिलांच्या परिषदेने ‘पेरियार’, म्हणजे थोर, केलं. अण्णादुरैंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका पाहून पेरियारांनी व्ही. सी. गणेशन या नटाला ‘शिवाजी’ म्हटलं, आणि तो जन्मभर शिवाजी गणेशन राहिला. करुणानिधी ‘कलैञर’ (कलावंत) झाले, रामचंद्रन ‘पुरट्चि तलैवर’ (क्रांतिकारी नेता). फक्त या पदव्या पुन्हा एकेकट्या माणसाच्या झाल्या, राजराजाच्या काळासारख्या.

वंशपरंपरा मग कुठून शिरते आहे ते सांगतो. करुणानिधींच्या वडिलांचं नाव मुत्तुवेल, म्हणून ते एम. करुणानिधी. नियमाने मुलगा के. स्टॅलिन व्हायला हवा होता, तो एम. के. स्टॅलिन झाला, आजोबा-वडील दोघांना घेऊन. आणि त्यांचे चिरंजीव आद्याक्षर लावतच नाहीत, ते उदयनिधी स्टॅलिन. दुसऱ्या राजकारणी घरांतही तेच: पी. चिदंबरम यांचे पुत्र कार्ती चिदंबरम, एस. रामदास यांचे अन्बुमणी रामदास. वडिलांचं नाव पुढचं मागे गेलं, अक्षराचा शब्द झाला. सामान्य घरांतही पासपोर्टच्या ‘सरनेम’च्या रकान्यापायी हेच होतं आहे, २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टांना हरकत घेतली, तेव्हा तर वडिलांचं नाव कागदावर कुठे आहे हे शोधायची धांदल उडाली होती. पुढच्या पिढीने आपल्या वडिलांचं नाव लावलं तर जुनाच साचा चालू राहील. आजोबांचंच पुढे ओढलं, तर तमिळ मुलखात पहिल्यांदाच जातीचा वास नसलेली आडनावं तयार होतील. मला स्वतःला दुसरं होईलसं वाटतं, राजकारणातल्या घराण्यांत तरी नक्की.