कान्नोन, सरस आणि दगडाची पूड

श्रोतेहो, नमस्कार. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तोच करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमार्गे जपानला पोचला आणि कान्नोन झाला. आधुनिक जपानी चित्रकलेतलं त्याचं सर्वांत गाजलेलं रूप म्हणजे कानो होगाई यांची १८८८ सालची ‘हिबो कान्नोन’, करुणामयी माता. रेशमावर रंग आणि सोनं, उंची जवळजवळ दोन मीटर. आकाशात उभी कान्नोन कलशातून पाणी ओतते आहे आणि खाली पारदर्शक गोळ्यातलं बाळ वर तिच्याकडे पाहतं आहे. आई म्हटलं तरी तिच्या ओठांवर बारीक मिशी आहे. बोधिसत्त्व मुळात पुरुषरूपी. ती खूण होगाईंनी पुसली नाही, आणि मला तेच फार आवडतं. चित्र पुरं होण्याआधी होगाई वारले. शेवटचा हात हाशिमोतो गाहो यांनी फिरवला.

या जपानी चित्रपरंपरेला निहोंगा म्हणतात. तिचा रंग म्हणजे दळलेला दगड: निळ्याला अझुराइट, हिरव्याला मॅलेकाइट. पूड क्रमांकांनी विकतात, साधारण ५ ते १३. आकडा वाढतो तशी पूड बारीक आणि रंग फिका. एकाच दगडातून गडद निळा आणि आभाळी, दोन्ही निघतात.

पण पूड आपणहून चिकटत नाही. तिला धरतो सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. १०० मिलिलीटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम सरस रात्रभर भिजवायचा, सकाळी वाटी गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी आली की त्याची पकड गेलीच. सरस कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर आकसून तडकतो, पापुद्रे सुटतात.

सर्वांत नाजूक काम गोऱ्या कांतीचं. शिंपल्यांची पांढरी पूड खलात वाटायची, सरसात मळायची आणि तो गोळा बशीवर शंभरेक वेळा आपटायचा. इथे घाई केली की वाळल्यावर बोधिसत्त्वाच्या गालावर भेग दिसते. थरही पातळच द्यायचे, आधीचा पुरता वाळल्यावर.

अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावर, सरसात कालवलेल्या खनिज रंगांनीच काढलेली आहेत. १९१७-१८ च्या सुमारास आराई कांपो हे निहोंगा चित्रकार त्यांच्या प्रतिकृती करायला तिथे आले. पुढे १९४० पासून जपानमधल्या होर्यूजी मंदिरातल्या बौद्ध भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्यांतही ते होते. ते काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९ रोजी, तिथे आग लागली आणि त्या भिंती करपल्या.