खड्डा कोण उपसणार?

नमस्कार, श्रोतेहो.

गावाच्या स्वच्छतेविषयी बोलायचे म्हटले की आपण रस्ता, गटार, उकिरडा इथपासून सुरुवात करतो आणि फार तर संडासाच्या रंगवलेल्या भिंतीपर्यंत येऊन थांबतो. त्या भिंतीमागे जमिनीत जो खड्डा असतो, त्याच्याविषयी सहसा कोणी अवाक्षरही काढत नाही. आज मी त्या खड्ड्याविषयीच बोलणार आहे. विषय जेवणाच्या वेळेला शोभणारा नाही, याची मला जाणीव आहे. ताट वाढलेले असेल तर रेडिओचा आवाज थोडा कमी करावा, पण बंद करू नये.

पटकी, विषमज्वर, हगवण, अ आणि ई प्रकारची कावीळ या सगळ्या रोगांचा प्रवास एकाच वाटेने होतो. रोग्याच्या विष्ठेतले जंतू पाण्यावाटे, माशीच्या पायांवाटे, न धुतलेल्या हातावाटे किंवा शेतातल्या भाजीवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नसते. ओल्या मातीतली त्याची अळी अनवाणी पावलाच्या कातडीतून शरीरात शिरते, आतड्यापर्यंत पोहोचते आणि तिथे रक्त शोषत राहते. रानात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या अंगातले रक्त कमी का, याचे उत्तर पुष्कळदा तिच्या ताटात जितके असते, तितकेच तिच्या पायांखालच्या मातीतही असते. ज्या लेकराला वर्षातून अनेकदा जुलाब होतात, त्याच्या पोटात घातलेले अन्न अंगी लागत नाही. ते वयाच्या मानाने खुजे राहते, शाळेत मागे पडते आणि मोठेपणी त्याच्या कष्टाची ताकदही कमी भरते. देशाच्या विकासाची चर्चा आपण रस्ते आणि कारखाने यांच्या भाषेत करतो. पण त्या कारखान्यात उद्या काम करणाऱ्या माणसाची उंची आणि बुद्धी आज गावाच्या गोदरीवर, म्हणजे उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागेवर, ठरत असते.

संडास बांधण्याचे काम आपण थोडे केले, असे कोणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्राने 2000-01 मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. तरीही 2011 च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून अधिक घरांच्या आवारात संडास नव्हता. 2 ऑक्टोबर 2014 रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, पात्र कुटुंबाला 12,000 रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले आणि बरोबर पाच वर्षांनी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या काळात पहाटे शिट्ट्या फुंकत फिरणारी गुड मॉर्निंग पथके आपण पाहिली. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला चारचौघांत लाजवून स्वच्छता शिकवता येते, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही; पण तो मुद्दा बाजूला ठेवू. संडास मोजता येतात, भिंतीवर लाभार्थ्याचे नाव आणि वर्ष रंगवता येते. खड्ड्याची मोजदाद मात्र कोणी करत नाही, आणि घरातला संडास वापरायचा की नाही हे पुष्कळदा खड्डाच ठरवतो.

ते कसे, हे समजण्यासाठी दोन शोषखड्ड्यांच्या संडासाची रचना पाहू. त्याच्या भांड्याला तीव्र उतार असतो आणि खाली वाकडा पाइप असतो, ज्याला आपले गवंडी ‘कोंबडा’ म्हणतात. त्या वाकणात पाणी साचून राहते, त्यामुळे वास वर येत नाही आणि माशी खाली जात नाही. दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. पुढे एक लहान चेंबर असते आणि तिथून दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. त्यांतली एक वाट बंद करून ठेवायची असते. खड्डा जाळीदार वीटकामाचा असतो आणि त्याच्या तळाला काँक्रीट घालायचे नसते, कारण पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत जिरायचे असतात. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर व्यासाचा आणि साडेतीन-चार फूट खोलीचा खड्डा अंदाजे तीन वर्षे पुरतो. तो भरला की चेंबरमधली वाट बदलायची, दुसरा खड्डा वापरायला घ्यायचा आणि पहिला झाकून दीड-दोन वर्षे त्याला हातही लावायचा नाही. एवढ्या काळात त्यातले रोगजंतू मरतात, मैल्याची भुसभुशीत, वास नसलेली, चहाच्या चोथ्यासारखी माती होते. आपले जुने शेतकरी तिला सोनखत म्हणत. ते नाव उगाच पडलेले नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. अनेक घरी एकच खड्डा असतो आणि तो दहा-दहा फूट खोल खणलेला असतो. कारण विचारले की ‘लवकर भरू नये म्हणून’ असे उत्तर येते. आणखी थोडे खोदून विचारले, तर खरा प्रश्न बाहेर येतो: भरला तर उपसणार कोण? मग घरातले पुरुष संडास ‘बायकांसाठी आणि आजारपणासाठी’ राखून ठेवतात आणि स्वतः रानात जातात, म्हणजे खड्ड्याचे आयुष्य वाढते. कुठे दोन खड्डे असतात, पण दोन्ही वाटा एकदमच उघड्या ठेवलेल्या असतात, म्हणजे दोन्ही खड्डे बरोबरच भरणार आणि दोन्ही ओलेच राहणार.

या भीतीत गणिताचा भाग थोडा आणि जातीचा फार मोठा आहे. मैला उचलणे हे आपले काम नाही, ते अमुक जातीचे काम आहे, ही समजूत शतकानुशतके आपण पोसली. म्हणूनच स्वतःच्या घरच्या खड्ड्यातले वाळलेले खत फावड्याने काढणेही प्रतिष्ठेवर येते. ही गाठ ज्यांनी फार लवकर ओळखली, त्यांत कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन होते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम स्वतः करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी पोटभर जेवणे सोडले आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. पुढे 1948 मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा करून त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे, गावकऱ्याला परवडतील असे संडास बांधण्याचे प्रयोग केले. शिकलासवरलेला ब्राह्मण मैल्यात हात घालतो, याचे त्या काळातल्या लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना आजही करता येते, कारण आपण फार पुढे आलेलो नाही.

देहूचे डॉ. सुहास मापुसकर हे याच वाटेवरचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेल्या या माणसाच्या लक्षात आले की औषध देऊन बरा केलेला रोगी पुन्हा त्याच रोगाने परत येतो. मग त्यांनी गोळ्यांबरोबर संडासही हाती घेतले. अप्पासाहेबांच्या कामाचा धागा पुढे नेत त्यांनी मैल्यापासून गोबरगॅससारखा गॅस मिळवणारी संयंत्रे बसवली आणि आयुष्याची अनेक दशके या एका विषयाला दिली. 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे नाव पुष्कळांनी पहिल्यांदाच ऐकले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर आणि त्यांच्याबरोबरचे अधिकारी एका घराच्या भरून ठेवलेल्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तयार खत आपल्या हातांनी बाहेर काढले. शंभर परिपत्रकांनी साधले नसते ते या एका छायाचित्राने थोडे तरी साधले, असे माझे मत आहे.

वाळलेला खड्डा आणि सेप्टिक टाकी यांतला फरक मात्र कोणी विसरू नये. टाकीतला मैला ओला असतो. तिच्यात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात आणि झाकण काढून आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो; त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. हाताने मैला उपसण्यावर आणि संरक्षणाविना टाकीत किंवा गटारात उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. असे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आणि 2023 मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते, यावरूनच कायद्याची अवस्था कळते. तेव्हा टाकी असेल तर ती भरण्याची वाट न पाहता दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी, आणि गाडीवाला मैला ओढ्यात नव्हे तर प्रक्रिया केंद्रात नेतो ना, हे ग्रामपंचायतीने पाहावे.

नवा संडास बांधणाऱ्यांसाठी थोडे जमिनीविषयी. काळी माती पावसात फुगते आणि पाणी सहज जिरू देत नाही; तिथे खड्ड्याच्या बाहेरून चारही बाजूंनी फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर द्यावा. जिथे पावसाळ्यात पाणी हाताला लागते, तिथे खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधावा आणि विहिरीपासून किमान दहा मीटर दूर ठेवावा. कातळ असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय खणू नये, कारण फटींतून मैल्याचे पाणी शेजाऱ्याच्या आडापर्यंत जाऊ शकते.

आणि ज्यांच्याकडे दोन खड्डे आधीपासूनच आहेत, त्यांनी या रविवारी चेंबरचे झाकण उचलून पाहावे. दोन्ही वाटा उघड्या दिसल्या तर एक वीट आणि थोडी ओली माती लावून त्यांतली एक बंद करावी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्या दिवसाची तारीख रंगाने लिहून ठेवावी. नमस्कार.