घराचा कॅमेरा आणि त्याची किल्ली

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की नागपुरातली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. कुणी मुलीकडे पुण्याला जाते, कुणी मुलाकडे बंगळुरूला, आणि तिथे बसून मोबाइलवर आपल्या फाटकाकडे पाहत राहते. ही सोय मोलाची आहे. परंतु जे चित्र आपल्याला इंटरनेटवरून दिसते, ते आणखी कुणाला दिसते आहे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

मीही विचारला नव्हता. गेल्या वर्षी फोन बदलला आणि कॅमेऱ्याचे अ‍ॅप नव्याने घेतले, तेव्हा त्यात माझे नाव पाहुणा म्हणून दिसले. कॅमेरे बसवणाऱ्याने ते सारे यंत्र स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवून आम्हाला केवळ पाहण्याची परवानगी दिली होती. व्हरांड्यातला कूलर, सकाळी तुळशीला पाणी घालणारी माझी पत्नी, खेळायला येणारी शेजारची मुले, हे सगळे दोन वर्षे एका परक्या माणसाच्या फोनमध्ये उघडे होते. त्याच्या मनात वाईट हेतू नसेलही. पण घराची किल्ली त्याच्याकडे होती आणि ते आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून नोंदणी आपल्याच क्रमांकावर, आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी आणि बसवणारा गेल्यावर पासवर्ड बदलावा.

पासवर्डचे महत्त्व जगाला २०१६ साली कळले. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेली सुमारे साठ नावे व पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि लाखो कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या जोरावर, संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. त्या यंत्रांच्या मालकांना बहुधा काहीच जाणवले नसेल, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता.

आता मुख्य मुद्दा रस्त्याचा. बाहेरून कॅमेरा पाहण्यासाठी राउटरमध्ये कायमचे दार उघडून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हे दार मालकासाठी उघडते तसेच साऱ्या जगासाठीही उघडते, आणि अशी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. ती पद्धत टाळावी. राउटरमधली यूपीएनपी ही सोयही बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे एखादे यंत्र असे दार आपल्याला न विचारता उघडू शकते. ज्यांना जमेल त्यांनी व्हीपीएन वापरावे. त्यात फोन आधी सांकेतिक, बंदिस्त मार्गाने घरच्या नेटवर्कमध्ये येतो आणि मगच कॅमेरा दिसतो. वायरगार्डसारखी मोफत प्रणाली आता अनेक राउटरमध्ये असते. ज्यांना हे जड वाटते त्यांनी कंपनीचे अ‍ॅप वापरावे, मात्र खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड ठेवावा आणि ओटीपीची दुहेरी पडताळणी सुरू करावी. मुलांना मुख्य पासवर्ड सांगण्यापेक्षा फक्त पाहण्यापुरता वेगळा प्रवेश द्यावा.

कॅमेरा आणि रेकॉर्डरचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. राउटर, कॅमेरा आणि रेकॉर्डर यांना इन्व्हर्टरची जोड द्यावी, नाहीतर भर दुपारी वीज गेली की मोबाइलवरचे चित्रही जाते. आणि कॅमेरा झोपण्याच्या खोलीत कधीही लावू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कुणाच्या खासगी अवयवांचे चित्रण संमतीविना पसरवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांचा १९३० हा क्रमांक आहे.

गावाला निघण्याच्या आदल्या दिवशी एवढे करून पाहावे. घरच्या वायफायवर असताना आपला इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, ब्राउझरमध्ये ‘what is my IP’ असे शोधून लिहून घ्यावा. मग फाटकाबाहेर उभे राहून वायफाय आणि व्हीपीएन दोन्ही बंद करावे, मोबाइल डेटा सुरू करावा आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. रेकॉर्डरचे नाव-पासवर्ड विचारणारे पान समोर आले, तर प्रवासाची बॅग थोडा वेळ बाजूला ठेवून आधी राउटरमधले ते दार बंद करावे.